भरतीच्या उलट

प्रेमदास थूल गुरुजींनी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मराठी शिकवली. या चौतीस वर्षांत त्यांच्या लाल पेनानं किती 'मले' आणि किती 'तुले' खोडले, याची गणती नाही. पोरगं तहानेनं कासावीस होऊन "गुरुजी, मले पानी पाह्यजे" म्हणालं, तर गुरुजी आधी त्याच्याकडून "मला पाणी पाहिजे" असं तीनदा म्हणवून घेत आणि मगच माठाकडे सोडत. घरातही तीच तऱ्हा. बायको सुलोचना जन्मभर वऱ्हाडीत बोलली, गुरुजी जन्मभर पुस्तकातल्यासारखं बोलले, आणि तरीही दोघांचा संसार बरा झाला.

या हट्टाचं मूळ पुण्यात होतं. तरुणपणी एका प्रशिक्षणाला गुरुजी दोन महिने तिकडे राहिले. पहिल्याच दिवशी उभं राहून त्यांनी "मले वाटते" अशी सुरुवात केली, तर मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "कुठले मळे? उसाचे का?" वर्ग खदखदून हसला. शिकवणारेही हसले. गुरुजींच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, पुढच्या वर्षी हा मुलगा झाला, आणि तो पाळण्यात असतानाच बापानं ठरवून टाकलं होतं की हा मास्तर होईल. अख्ख्या घराण्यातला पहिला शिकलेला माणूस त्या दिवशी मान खाली घालून बसला. आपल्या तोंडून आणि आपल्या हाताखालच्या एकाही पोराच्या तोंडून हा 'मले' पुन्हा निघू द्यायचा नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं आणि ते पाळलं. ज्यावरून आपल्याला लोक हसले त्यावरून आपल्या पोरांना कोणी हसू नये, यात वाईट काय होतं? इथवर त्यांना कोणी दोष देणार नाही. दोष आहे तो दोन मार्कांचा.

ते दोन मार्क गुरुजी जवळजवळ विसरले होते. खरं सांगायचं तर विसरल्याचं सोंग चांगलं वठलं होतं. ऑक्टोबरात सुलोचनाबाईंचं पोटाचं दुखणं बळावलं आणि डॉक्टरांनी भरती करायला सांगितलं. गुरुजींच्या हातात एक पुठ्ठ्याची फाईल आली. बोरगाव मेघेच्या घरून घाईत निघताना चष्मा राहिला होता, म्हणून पहिले दोन दिवस ती फाईल त्यांनी नुसती काखेत मारून या खिडकीवरून त्या खिडकीवर नेली. तिसऱ्या दिवशी मुलगी नंदिनी नालवाडीहून डबा घेऊन आली, तिनं चष्माही आणला. तो डोळ्यांवर चढवून गुरुजींनी फाईल पहिल्यांदा नीट वाचली. नाव, वय, गाव. त्याखाली एका ओळीत दोन रकाने छापलेले होते. डावीकडे 'भरती दि.' आणि उजवीकडे 'सुट्टी दि.'

गुरुजींचा छापील अक्षरावर भारी विश्वास. बोललेलं खोटं असू शकतं, छापलेलं सहसा नसतं, अशी त्यांची समजूत. त्यांनी तो रकाना पुन्हा वाचला. भरती, आणि तिच्या समोर सुट्टी. मग ते फाईल मांडीवर ठेवून पंख्याकडे बघत बसले. खाटेवरून सुलोचनाबाईंनी विचारलं, काय झालं? त्यांनी फाईल तिच्यापुढे धरली. तिला वाचायला फार वेळ लागला नाही.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "मी तवाच म्हटलं होतं."

तेव्हाची गोष्ट अशी. साल नव्व्याण्णव. गुरुजी आर्वी तालुक्यातल्या सावळदरी नावाच्या गावात होते, शाळेला लागून असलेल्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. त्या वर्षी वर्ध्याच्या एका वसतिगृहाच्या शाळेनं कळवलं की तुमच्या चौथीतलं एक मूल पाठवा, राहणं-जेवण-शिक्षण सगळं आम्ही बघू. मूल कुठलं, हे गुरुजींनी परीक्षा घेऊन ठरवायचं होतं. तेवीस पोरांत खरी चुरस दोघांतच होती. एक दुकानदाराचा आदेश आणि दुसरी गावाबाहेरच्या गोंडांच्या टोलीतली अंजू कुमरे. अंजूच्या घरी गोंडी बोलत. गावात आली की ती वऱ्हाडी बोलायची आणि शाळेत गुरुजींची मराठी. दहा वर्षांची पोर तीन भाषा सांभाळून दुसरी-तिसरी यायची, आणि गुरुजींना तिचं कौतुक नव्हतं असं मुळीच नाही.

परीक्षेत विरुद्धार्थी शब्दांचा प्रश्न होता. उदय-अस्त, आवक-जावक आणि त्याखाली 'भरती'. अंजूनं पुढे लिहिलं होतं, 'सुट्टी'.

तिनं असं का लिहिलं, हे गुरुजींना न कळण्यासारखं नव्हतं. तिची आई रामबाई महिनाभरापासून वर्ध्याला भरती होती. बाप सोनबा मधूनमधून येऊन ज्वारीचं पीठ घेऊन परत जायचा आणि टोलीतला जो तो त्याला विचारायचा, सुट्टी कवा हाय? त्या पोरीनं महिनाभर हे दोनच शब्द ऐकले होते. हे सगळं ठाऊक असूनही गुरुजींनी 'सुट्टी'वर लाल फुली मारली आणि शेजारी वळणदार अक्षरात लिहिलं, 'ओहोटी'.

पेपरांची बेरीज करायचं काम सुलोचनाबाईंकडे असे. त्यांनी बेरीज केली. आदेशला त्र्याऐंशी आणि अंजूला ब्याऐंशी. मग त्यांनी फुली पाहिली. म्हणाल्या, पोरीनं बरोबर तर लिहिलं आहे, आपल्या इकडे भरतीच्या उलट सुट्टीच असते, देऊन टाका दोन मार्क. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"परीक्षा मराठीची आहे, दवाखान्याची नाही," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांना त्या वेळी चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं. आदेश वर्ध्याला गेला, शिकला, आता पुण्याला असतो. अंजूला मात्र इतर चुकलेल्यांसारखी शिक्षा मिळाली, बरोबर जोडी शंभर वेळा लिहून आणायची. तिनं चार पानं भरून आणली. भरती, ओहोटी. भरती, ओहोटी. ओहोटी म्हणजे काय, हे गुरुजींनी तिला सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही. खरं म्हणजे कोणी विचारलं असतं तर गुरुजींना पुस्तकातलं एक वाक्यच सांगता आलं असतं, कारण समुद्र त्यांनीही कधी पाहिला नव्हता. सावळदरीहून समुद्र इतका लांब, की तिथल्या विहिरीचं पाणी चैत्रात खाली जातं आणि श्रावणात वर येतं, एवढीच तिथल्या लोकांना पाण्याची भरती-ओहोटी माहीत. पुढच्या उन्हाळ्यात गुरुजींची बदली झाली.

फाईल वाचल्यापासून त्या शब्दानं गुरुजींचा पिच्छा पुरवला. कपडे आणायला ते घरी गेले, तर गल्लीत शेजारचे नत्थूजी घराच्या जोत्यात मुरूम टाकून घेत होते. म्हणाले, गुरुजी, आणखी दोन ट्रॅक्टर भरती लागंल. घरात शिरून गुरुजींनी शब्दकोश काढला. समुद्राच्या पाण्याचा चढ, नोकरीत घेणं, खड्ड्यात घातलेली माती, उगाच वाढवलेला मजकूर. हा शेवटला अर्थ तर त्यांच्या रोजच्या वापरातला. निबंधाच्या समासात ते लिहीत, 'भरतीची वाक्ये नकोत.' मग या भरतीची ओहोटी कशी होते? मुरमाची कशी होते? पोलिसात भरती झालेल्याची कशी होते? एका शब्दाला चार घरं, आणि आपण त्या पोरीला जे घर कोणी पाहिलेलं नाही तेवढं एकच खरं म्हणून सांगितलं. शब्दकोश मिटताना गुरुजींना स्वतःची लाज वाटली.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावलं. भला माणूस होता, आवाज हळू ठेवून बोलला. म्हणाला, शुक्रवारी सुट्टी देऊ. घरी न्या. जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या, पथ्य वगैरे आता काही नाही. गुरुजी आत आले तेव्हा सुलोचनाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, म्हणजे त्यांना कळलं होतं. चाळीस वर्षं बरोबर राहिलेल्या बाईपासून लपवायचं तरी काय.

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "तुमी त्या पोरीकडे जाऊन या न."

गुरुजी म्हणाले, आता? तुला असं टाकून?

"आताच. मी हाय तोवर. तिचं बरोबर होतं म्हना तिले. ते काय म्हनते ते मले येऊन सांगा. मले आयकाचं हाय."

एवढ्या वर्षांत सुलोचनाबाईंनी स्वतःसाठी मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. ही त्यातली शेवटची होती, आणि ती नाकारण्याची सोय नव्हती. बुधवारी नंदिनी आईपाशी बसली आणि गुरुजी सकाळच्या एसटीनं आर्वीला निघाले.

आर्वीत सोयाबीनच्या गाड्यांनी रस्ता अडला होता. तिथून काळीपिवळीनं फाट्यापर्यंत, आणि पुढे पायी. टोली पूर्वीच्याच जागी होती, घरं तेवढी पक्की झाली होती. रस्त्यावर एक मुलगी पळत होती, पायात बूट, वेणी वर बांधलेली. एकदा फाट्याकडे जाऊन ती परत फिरली, तेव्हा गुरुजींनी तिला थांबवून अंजू कुमरेचं घर विचारलं. मुलगी धापा टाकत म्हणाली, ते माहीच माय होय. तिचं नाव रुपा. पोलीस भरतीची तयारी करून राहिली आहे, असंही तिनं सांगितलं. गुरुजींना वाटलं, हा शब्द आपला पिच्छा काही सोडत नाही.

अंजू अंगणात सोयाबीन पाखडत होती. पस्तिशी ओलांडलेली, केसांत एका बाजूला पांढरं, पण सूप धरायची तऱ्हा अगदी पाटी धरायची तशीच. तिनं गुरुजींना पाहिलं, सूप खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "जय सेवा, गुरुजी." पंचवीस वर्षांनी पाहत होती, तरी ओळखायला तिला क्षणही लागला नाही. गुरुजींनी जय भीम केला. तिनं खाट टाकली, पाणी दिलं, रुपाला चहा ठेवायला सांगितला. गुरुजींनी येताना एसटीत चार वाक्यं मनात तयार केली होती. शुद्ध, मुद्देसूद, भरतीचा शब्द एकही नाही. ती त्यांनी पाणी पिण्याच्या आधीच बोलून टाकली. चौथीच्या परीक्षेत तू भरतीच्या विरुद्ध सुट्टी लिहिलंस. मी ते चूक दिलं. ते चूक नव्हतं. माझंच चुकलं.

अंजू ऐकत होती. मग ती हसली, पण त्यात चेष्टा नव्हती. मोठी माणसं काहीतरी विसरून बोलायला लागली की घरातलं कोणी हसतं, तसं.

"नाई गुरुजी. तुमचंच बरोबर होतं."

गुरुजींना कळेना. तिनं मग सांगायला सुरुवात केली. परीक्षा मंगळवारी झाली. शुक्रवारी सोनबा रामबाईला घेऊन आला. टोलीत सगळ्यांना आनंद, रामबाईची सुट्टी झाली. शेजारणींनी गोडाधोडाचं केलं. सोनबाला दवाखान्यात सांगितलं होतं की घरी ने, आता सेवा कर, पण त्या बोलण्याचा अर्थ त्यालाही लागला नव्हता. त्याला एवढंच कळलं होतं की कागदावर सुट्टी लिहिली आहे. नवव्या दिवशी रामबाई गेली. लोक म्हणायला लागले, अशी कशी गेली? सुट्टी झाली होती न? सोनबावर बोल आला, यानंच नीट सांभाळलं नाही म्हणून.

"मंग मले तुमची गोष्ट समजली," अंजू म्हणाली. "मी लिवलं होतं सुट्टी. तुमी ते खोडलं. लाल शाईनं लिवून देलं, ओहोटी. शंभर डाव लिवाले लावलं. मी बाबाले सांगतलं, टोलीतल्या सगळ्याईले सांगतलं, हे सुट्टी नोयती. बरा होऊन येते त्याची सुट्टी. मायची ओहोटी होती. मंग कोनी बाबाले बोललं नाई."

ती पुढे सांगत गेली. दवाखान्यात दोन्हीला एकच शब्द लिहितात, ती म्हणाली. बऱ्या झालेल्यालाही सुट्टी आणि घरी जाऊन मरणाऱ्यालाही सुट्टी. माणसाला कळायचं कसं? तेव्हापासून टोलीत दोन शब्द आहेत. तानबाची सुट्टी झाली, तो अजून शेळ्या चारतो. रुख्माबाईची ओहोटी झाली, ती दिवाळीपर्यंत राहिली. आता शेजारच्या दोन टोल्यांतही तसंच म्हणतात.

गुरुजींनी आजवर हजारो पोरांना हजारो शब्द शिकवले होते. त्यातला एकही कोणी असा जपून ठेवल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. आणि जो जपला गेला, तो असा.

आतून चहा घेऊन आलेली रुपा म्हणाली, मी हिला किती वेळा सांगितलं गुरुजी, ओहोटी म्हणजे समुद्राचं पाणी मागं जाते ते. भरतीच्या पुस्तकात आहे, आम्हाला प्रश्न असतो त्याच्यावर. अंजूनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"समुद्राची बी होत असन," ती शांतपणे म्हणाली. मग गुरुजींना विचारलं, "तुमी पाह्यला काय समुद्र?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

 तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ते बऱ्याच वर्षांपासून विचारायचं राहिलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुमाले कसं माईत झालं होतं, गुरुजी? बाबाले माईत नोयतं. मायले माईत नोयतं. तुमाले मंगळवारीच कसं समजलं?"

हा प्रश्न गुरुजींनी एसटीत धरला नव्हता. 'मला कळलं होतं' एवढं म्हणायचा अवकाश, की त्यांचा मान तसाच राहिला असता आणि तिचाही एक आधार. पंचवीस वर्षं ती या भरवशावर होती की आपली आई जाणार हे जगात एका शहाण्या माणसाला आधी कळलं होतं आणि त्यानं ते आपल्याला लिहून दिलं होतं. पण सुलोचना खाटेवर वाट पाहत होती, आणि तिला खोटं नेऊन सांगणं त्यांना जमलं नसतं.

"मला काहीच माहीत नव्हतं, अंजू," ते म्हणाले. "मी पुस्तकातला शब्द लिहिला. तुझ्या आईचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. आला, पण मी तो बाजूला ठेवला."

मग उरलेलंही त्यांनी सांगून टाकलं. वर्ध्याची शाळा, एक जागा, त्र्याऐंशी आणि ब्याऐंशी. ते दोन मार्क दिले असते तर चौऱ्याऐंशी झाले असते आणि तू गेली असतीस. बायकोनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.  पंचवीस वर्षं ज्याला ते शिस्त म्हणत आले, त्याला अंगणात उन्हात बसून दुसरं नाव द्यावं लागत होतं, आणि ते फार जड जात होतं.

अंजूला त्या जागेचं काही माहीत नव्हतं. तिनं सुपातले दाणे बोटानं एकीकडे केले. रुपा दाराशी उभी होती, ती आईकडे पाहत राहिली.

"मी गेलीबी नसती," शेवटी अंजू म्हणाली. "माहा भाऊ गोपाल दोन वर्साचा होता. माय गेल्यावर त्याले कोन पाह्यलं असतं?"

गुरुजींना एकदम हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं याची त्यांना तेवढीच शरमही वाटली. पण अंजूचं बोलणं संपलं नव्हतं.

"पन माय आयकत होती तवा," ती म्हणाली. "नऊ दिवस होती ते. बोलत होती चांगली. अंजीचा पयला नंबर आला म्हून कोनी सांगतलं असतं, तं आयकून गेली असती."

 माफ कर म्हणावं, तर ज्या बाईचं ते देणं लागत होते ती नव्याण्णव सालीच गेली होती. निकाल त्यांनी रामबाई घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत वाचून दाखवला होता. टोली शाळेपासून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी दुसरं नाव वाचलं असतं तर पोर घरी पळत गेली असती आणि आईच्या उशाशी बसून सांगितलं असतं, तेही त्यांना आवडणाऱ्या शुद्ध भाषेत नाही. ते कसं सांगितलं असतं, हे त्यांच्या कानांना स्पष्ट ऐकू आलं. चहा निवून गेला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

दुपारची गाडी गाठायची होती. गुरुजी उठले. अंजूनं पिशवीत दोन मुठी भाजलेल्या शेंगा घातल्या आणि म्हणाली, मास्तरीनबाईला द्या. कशा आहेत त्या? बेरीज करताना त्या मला आपल्या घरातून पेढा द्यायच्या, मला आठवते. गुरुजींना हे नव्यानं कळत होतं. सुलोचनानं कधी सांगितलं नव्हतं.

वर्ध्याच्या दवाखान्यात भरती आहे, ते म्हणाले.

"काय सांगता! सुट्टी कवा हाय मंग?"

"शुक्रवारी."

 तिनं गुरुजींच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. टोलीत असं पाहायची सगळ्यांना सवय झाली असावी. मग आवाज उतरवून, आजाऱ्याच्या खाटेशी बोलतात तसं, तिनं विचारलं,

"सुट्टी, का ओहोटी?"

या प्रश्नात चूक काढता आली असती. ओहोटी माणसाची होत नाही, समुद्राची होते. हे वाक्य गुरुजींनी आयुष्यभर जवळ बाळगलं होतं, पण त्या क्षणी ते त्यांना आठवलंही नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं, नंदिनीनं उच्चारलं नव्हतं आणि सुलोचनानं भिंतीकडे तोंड करून गिळून टाकलं होतं ते सांगायला, सगळ्या मराठीत एवढा एकच शब्द होता. तो त्यांनीच इथे ठेवून दिला होता.

"ओहोटी हाय, बाई," गुरुजी म्हणाले. पुण्याहून परतल्यापासून असा 'हाय' त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते रुपापासून त्यांनी लपवले नाहीत.

अंजूनं मान हलवली. मग तिनं रुपाला सांगितलं, काकाला निरोप दे, शेजारच्या नागेशला दे, शुक्रवारी सकाळच्या गाडीनं वर्ध्याला जायचं आहे, चार माणसं पाहिजेत. गुरुजी म्हणाले, अगं, कशाला, नंदिनी आहे, ऑटो मिळतो. तिनं ते ऐकूनच घेतलं नाही.

"माहा बाबा मायले फाट्यापासून एकटा पाठीवर घेऊन आल्ता," ती म्हणाली. "कोनी नाई गेलं, सगळ्याईले वाटलं सुट्टी हाय. तवापासून आमच्यात ओहोटीले एकट्याले जाऊ देत नाई, गुरुजी. आमी येतो शुक्रवारी. मास्तरीनबाईले सांगा."

गुरुजींनी पिशवी खांद्याला लावली. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण निघालं ते वेगळंच, त्यांच्या बापाच्या तोंडचं बोलावणं.

"येजो," ते म्हणाले.